दहा बेचाळीसचा निरोप

इथे पाच-सहा वर्षं मी नुसती वाचते. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत तुमचे अनुभव वाचायचे आणि मनातल्या मनात एकेक खोडून काढायचे, हा माझा उद्योग. चकवा लागला? – वाट चुकलात. छातीवर कुणी बसलं? – अर्धवट झोप. मेलेल्या माणसाच्या नंबरवरून फोन आला? – ते सिम दुसऱ्या कुणाला दिलं असणार. राग मानू नका... स्वभावाला औषध नाही, आणि माझी नोकरीही तशीच आहे.

मी रेल्वेत टेलिकॉमची इंजिनियर आहे. कुठली रेल्वे, कुठलं स्टेशन ते लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. महाड तालुक्यातून, विन्हेऱ्याच्या बाजूने जी लाइन डोंगर कापत दक्षिणेला जाते तिच्यावरची ही गोष्ट आहे, एवढं पुरे. मी मूळची महाडचीच. वडील कोर्टात कारकून होते, घर चवदार तळ्यापासून पाच मिनिटांवर. आमच्याकडे ना कुणी अंगारे लावले ना कुणाची दृष्ट काढली. वडील म्हणायचे, "कागद बघ. माणूस खोटं बोलतो, कागद बोलत नाही." माझ्या बाबतीत कागदाच्या जागी मशीन आलं, इतकाच फरक.

आधी चौकशीबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. रेल्वेचा मोठा अपघात झाला, माणसं गेली, तर चौकशीला सुरक्षा आयुक्त येतात. ते रेल्वेच्या हाताखाली नसतात, विमान वाहतुकीच्या मंत्रालयाखाली असतात – घरच्यांनी घरच्यांची चौकशी करू नये म्हणून. पण लहान गोष्टींना, म्हणजे जिथे कुणाला खरचटलं नाही पण काहीतरी हिशेबात बसत नाही, तिथे आमचीच तीन खात्यांची तीन माणसं बसतात. जबाब घेतात, मशीनमधली नोंद काढतात, जागेवर जातात आणि शेवटी एक वाक्य लिहितात – कारण काय. बाकी पानं कितीही असोत, साहेब लोक ते एक वाक्य आधी वाचतात.

तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. ऑगस्ट महिना. चार दिवस धो धो पडून त्या सकाळी ऊन पडलं होतं. सकाळची पॅसेंजर स्टेशनात यायची होती. तिथून पुढे सहा किलोमीटरवर एक खोल कटिंग आहे – दोन्ही बाजूंनी उभा डोंगर आणि मधून एकच रूळ.

दहा बेचाळीसला स्टेशनमधला इमर्जन्सी फोन वाजला. रुळाच्या कडेला ठरावीक अंतरावर सॉकेट असतात. ट्रॅकवरच्या माणसाने बरोबरचा फोनचा डबा त्यात जोडला की थेट स्टेशन मास्तरशी बोलता येतं. मोहिते मास्तरांनी फोन घेतला. निरोप असा होता –

"साहेब, हेदाच्या कटिंगात दरड आली. गाडी सोडू नका. पोरगा पुढं गेलाय, त्याला मागं बोलवा."

मास्तर म्हणाले, "कोण, संदेश का? कुठलं कटिंग?"

"हेदाचं, साहेब. पोराला मागं बोलवा."

आणि फोन बंद झाला.

संदेश हा त्या भागातला ट्रॅकमन. त्या सकाळी खांद्यावर हातोडा टाकून तो एकटाच त्या तुकड्याची पायी तपासणी करायला गेला होता. त्यामुळे फोन त्याचाच, हे मास्तरांनी गृहीत धरलं. त्यांनी पॅसेंजर फलाटावर उभी करून ठेवली. हेदाचं कटिंग म्हणजे कुठलं ते त्यांना कळलं नाही. ते साताऱ्याकडचे, इथे येऊन दीडेक वर्षच झालेलं. आणि हा कुठला पोरगा? संदेशने कुणाला बरोबर नेलंय की काय? काळजीने ते त्याला फोन लावत राहिले. ट्रॅकमनकडे जीपीएसचं छोटं यंत्र असतं, त्यावर फोन येतो, पण डोंगरात रेंज नाही. सात-आठ वेळा लावल्यावर अकरा वाजून सात मिनिटांनी तो लागला.

"संदेश, दरड किती मोठी आहे?"

"कसली दरड साहेब?"

संदेश तेव्हा कटिंगच्या तोंडाशी होता. आत गेलं की रेंज जाते हे त्याला माहीत, म्हणून बोलता बोलता तिथेच थांबला. मास्तर चिडले, तू फोन केलास म्हणाले. तो म्हणाला, मी नाय केला. असा घोळ चालू असताना, अकरा नऊला, त्याच्यासमोर चाळीस-पन्नास पावलांवर डावीकडचा डोंगर खाली आला. झाडांसकट. रूळ दिसेनासा झाला.

अकरा नऊ ही वेळ पक्की आहे. दरडीखाली आमची केबल तुटली आणि ती तुटल्याचा क्षण स्टेशनच्या मशीनमध्ये सेकंदासकट नोंदला गेला. पॅसेंजर वेळेवर अकराला सुटली असती, तर त्या मिनिटाला कटिंगमध्ये असती. गणपतीआधीचे दिवस होते, डबे भरलेले होते.

संध्याकाळपर्यंत सगळे एकमेकांना शाबासकी देत होते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी दोन वेळा शेजारी लिहिल्या. दरडीचा निरोप – दहा बेचाळीस. दरड – अकरा नऊ.

चौकशी लागली, आणि तिघांत टेलिकॉमची म्हणून मी.

आमचे अध्यक्ष होते पाठारे साहेब. कडक, पण माणूस सरळ. स्टेशनवरच्या एका खोलीत टेबल मांडून जबाब सुरू झाले. पस्तिशीचा, सावळा, काटक संदेश समोर उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"फोन तू केलास?" साहेबांनी विचारलं.

"नाय साहेब. माझ्याकडं फोनचा डबाच नव्हता. तो दुरुस्तीला दिलाय."

ते खरं होतं. त्याच्या गँगचा, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या तुकडीचा, डबा माझ्याच खात्यात टेबलावर उघडून पडला होता. पण लाइनीवर असे डबे इतर गँगकडेही असतात.

"हेदाचं कटिंग म्हणजे कुठलं?"

"हेच साहेब, पडलं तेच."

"कुणी ठेवलं हे नाव? आमच्या कागदावर तर फक्त किलोमीटरचा आकडा आहे."

"कापायच्या आदी तिथं हेदाचं मोठं झाड व्हतं. जुनी लोकं म्हणायची."

आम्ही गँगमधल्या बाकी पाच जणांना एकेक करून विचारलं. एकालाही ते नाव माहीत नव्हतं. सगळी नवीन भरती, कुणी विदर्भातला, कुणी बिहारचा. जुनी माणसं केव्हाच निवृत्त झालेली.

मग मी रेकॉर्डिंग लावलं. तो फोन रेकॉर्ड होतो, सगळेच होतात. एकोणीस सेकंदांचं आहे. गँगमधल्या पाचही जणांनी आवाज ओळखला – संदेशच. मोहिते मास्तर म्हणाले – संदेशच. संदेश मान खाली घालून ऐकत होता. साहेबांनी विचारलं, "तुझा आवाज आहे का?"

"मी बोललो नाय साहेब."

"ते नाही विचारलं. आवाज तुझा आहे का?"

त्याने परत तेच सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी सगळं जुळवून दाखवलं. आणि ते इतकं चपखल बसत होतं की मलाही पटलं. जीपीएसच्या नोंदीत दहा बेचाळीसला तो चालता दिसत होता, म्हणून साहेबांचं म्हणणं असं – संदेशने स्वतः चालायचा कंटाळा केला. कुणातरी पोराच्या खिशात जीपीएस घालून त्याला पुढे पाठवलं आणि आपण सॉकेटपाशी कुठल्यातरी गँगचा डबा घेऊन बसला. वर डोंगराला भेग दिसली असेल, घाबरून फोन केला – 'पोरगा पुढं गेलाय, त्याला मागं बोलवा.' मग धावत जाऊन पोराला गाठलं, त्याला पळवून लावलं, आणि आता कबूल करत नाही. 'दरड आली' या शब्दांचं काय, असं मी विचारलं, तर साहेब हसले. "गाडी लांब दिसली तरी आपण 'आली आली' म्हणतोच की. तसंच. येतेय म्हणून 'आली'."

दुपारी त्यांनी संदेशला परत बोलावलं. "हे बघ, तू साडेचारशे माणसं वाचवलीस. फोन मी केला एवढं म्हण, पुढचं मी बघतो. बक्षीसही मिळेल. नाहीतर ड्यूटीवर दुसऱ्याला पाठवलं म्हणून नोकरी जाईल. पोलिसांत प्रकरण जाईल ते वेगळंच."

मलाही वाटत होतं, म्हण बाबा हो. एका शब्दाचा प्रश्न आहे.

संदेश म्हणाला, "मी केला नाय तं केला कसं म्हनू, साहेब? उद्या अजून काय म्हनायला लावाल."

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन लाइनीवर गेले. बरोबर फोनचा डबा. कटिंगपर्यंत पाच सॉकेट होते, त्यातला शेवटचा गंजून बंद पडलेला. उरलेल्या चारही ठिकाणांवरून संदेशने तेच शब्द बोलायचे आणि मी नंतर मूळ रेकॉर्डिंगशी ताडून बघायचं, असा बेत होता. कुठल्या सॉकेटवरून बोललं की आवाज किती बारीक होतो, त्यावरून जागा कळते.

पहिल्या सॉकेटपाशी तो बोलायला लागला. "साहेब, हेदाच्या कटिंगात दरड आली. गाडी सोडू नका..." आणि थांबला.

"पुढे?"

"पोर–" म्हणाला आणि गप्प.

दुसऱ्या सॉकेटवर तेच. तिसऱ्यावर तेच. तोच शब्द आला की वाक्य तुटायचं. चौथ्या ठिकाणी त्याने डबा माझ्या हातात दिला. डोळे भरलेले. "मॅडम, हे शब्द मी बोलणार नाय. काय लिवायचं ते लिवा." चाचणी तिथेच संपली, जागा काही कळली नाही.

मला काय वाटलं सांगू? वाटलं, साहेब बरोबर आहेत. पोरगा आहे. आणि त्या पोराचं काहीतरी बरंवाईट झालंय... तो मातीखाली तर नाही ना? दरड अजून अर्धी उपसायची होती. मी फोन करून साहेबांना सांगितलं आणि त्यांनी माती काळजीपूर्वक काढायचा हुकूम दिला. दोन दिवसांनी सगळी माती निघाली. झाडं, दगड, आमची केबल. माणूस नव्हता.

तरी माझ्या डोक्यातून तो पोरगा जाईना. मी कुणाला न सांगता संदेशच्या घरी जायचं ठरवलं. त्याचं गाव पोलादपूर तालुक्यात, पोलादपूरच्या स्टँडवरून आठ-नऊ किलोमीटर आत. तो दिवसपाळीवर असताना मी स्कूटीने गेले. बौद्धवाडीतलं शेवटून दुसरं घर. बाहेर शेवग्याचं झाड, ओट्यावर शिलाई मशीन. त्याची बायको प्रतीक्षा ब्लाउज शिवत होती. रेल्वेच्या मॅडम म्हटल्यावर बिचारी दचकलीच.

"काय झालं त्यांना?"

"काही नाही झालं. थोडं विचारायचं होतं."

ती अंगणवाडीत मदतनीस होती, बारावी झालेली, बोलायला चटपटीत. तिने चहा ठेवला. मी इकडचं तिकडचं विचारलं – संदेश कामावर कुणाला बरोबर नेतो का, भाचा-पुतण्या कुणी? ती म्हणाली, आमच्या घरात पोरगा म्हणून कोणी नाही, दोन मुलीच, आणि दोघी शाळेत. तिची सासू लेकीकडे बिरवाडीला गेली होती.

मग मी लॅपटॉप उघडला. काय आहे, कशाबद्दल आहे, यातलं एक अक्षर तिला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "हा आवाज कुणाचा वाटतो, ऐक." आवाज ओळखायची रीत तीच आहे, आधी काही सुचवायचं नाही.

रेकॉर्डिंग सुरू झालं. पहिल्या 'साहेब' या शब्दाला तिच्या हातातला कप खाली टेकला. एकोणीस सेकंद संपले.

"हे कधीचं हाय?"

"का?"

"नाय... मामंजींचा आवाज तुमच्याकडं कसा?"

मी म्हटलं, "संदेशचा नाही का?"

"ह्यांचा नाय हो. ह्यांचा तसाच हाय, पण हे 'साहेब' असं तोडून नाय बोलत. आणि मामंजींना दमा व्हता, बोलताना मधी श्वास घ्यायचे. ऐका ना परत. 'गाडी–' आणि श्वास. 'सोडू नका.' मी दोन वर्षं त्यांचं केलंय शेवटाला. मी ओळखणार नाय?"

मी परत लावलं. 'गाडी' आणि 'सोडू' यांच्यामध्ये एक बारीक शिट्टीसारखा श्वास आहे. मी तो पन्नास वेळा ऐकला होता. लाइनीचा आवाज म्हणून सोडून दिला होता.

तिचे सासरे – सोनू – लाइन बांधली तेव्हा ते कटिंग खोदायला मजूर म्हणून होते. पुढे गँगमध्ये घेतले गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"जुनं रेकॉर्डिंग हाय का हे? त्यांच्या नोकरीतलं?" तिने विचारलं. किती साधा, सरळ प्रश्न. मी हो म्हणून टाकलं. खोटं बोलले. काय बोलणार होते?

परत येताना पोलादपूरला हायवेवर मी स्कूटी थांबवली आणि एका टपरीवर बराच वेळ नुसती बसले. मला भीती वाटत नव्हती. राग येत होता... का, ते सांगता येणार नाही. बहुतेक मशीनचा.

दुसऱ्या दिवशी संदेश मला स्टेशनच्या मागे भेटला. बायकोने सांगितलं असणारच.

"मॅडम, घरी गेला व्हतात."

"हो. संदेश, आवाज कुणाचा आहे हे तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना?"

तो रुळाकडे बघत होता. "'साहेब' म्हनले तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुमी लिवून घेतलं असतं का?" मग म्हणाला, "आनि आमच्या वाडीत असलं कोन मानीत नाय, मॅडम. बाबा तं अजिबात नाय मानायचे. कोनाच्या अंगात आलं की हे पुढं जाऊन बोलायचे, नाटकं बंद कर. आनि त्यांचंच नाव मी असल्या गोष्टीत घालू? लोकं हसतील. माझ्यावर हसूदेत, बाबांवर कशाला?"

"पोरगा म्हणजे..."

"लहानपनी मी जेवनाचा डबा घेऊन जायचो त्यांना. सगळ्या गँगला सांगायचे, पोरगा येतोय, बघा रे. माझं नावच पोरगा व्हतं तिथं."

एवढं बोलून तो कामाला निघाला.

पण यातलं काहीच चौकशीच्या कामाचं नव्हतं. साहेबांची गोष्ट अजून तशीच उभी होती, आणि तीत संदेशची नोकरी जाणार होती. मी परत माझ्या मार्गाला लागले. त्या आवाजाचं जे काय असेल ते असो, दहा बेचाळीसला संदेश कुठे होता एवढं मला दाखवता आलं पाहिजे होतं. जीपीएस नव्हे, माणूस.

तीन दिवस मी लाइनीच्या कडेच्या घरांत फिरले. कटिंगच्या दीड किलोमीटर अलीकडे एक पोल्ट्री आहे. कोंबड्या चोरीला जातात म्हणून मालकाने फाटकावर कॅमेरा बसवलेला. त्याच्या कोपऱ्यात रुळाचा एक तुकडा दिसतो. मालक भला माणूस, म्हणाला, "बघा की ताई, पण घड्याळ त्याचं कधीच बरोबर नसतं."

घड्याळ खरंच चुकीचं होतं. पण त्याच दिवशी आधी एक मालगाडी तिथून गेली होती, ती मागच्या-पुढच्या स्टेशनातून किती वाजता गेली ते आमच्या मशीनमध्ये होतं. त्यावरून हिशेब केला. कॅमेरा सहा मिनिटं मागे होता. सहा मिनिटं मिळवली आणि दहा बेचाळीसचा तुकडा काढला.

संदेश. एकटा. उजव्या खांद्यावर हातोडा, डाव्या हातात गुंडाळलेली झेंडी. रुळाखालच्या आडव्या स्लीपरवरून पावलं टाकत, मान खाली, रूळ बघत चाललेला. चित्राच्या एका कडेने आला आणि दुसऱ्या कडेने गेला. दोन्ही हात अडकलेले, कुठे थांबला नाही, कुणाशी बोलला नाही. आणि त्याच वेळी सहा किलोमीटरच्या पट्ट्यातल्या कुठल्यातरी सॉकेटवरून कुणीतरी मास्तरांशी बोलत होतं.

पाठारे साहेबांनी तो तुकडा चार वेळा पाहिला. घड्याळाचा हिशेब स्वतः परत केला. मग चष्मा काढून ठेवला.

"म्हणजे तो खरं बोलत होता."

"हो सर."

"मग फोन कुणी केला?"

त्या भागातल्या सगळ्या गँगचे डबे आम्ही तपासले. सगळे जागेवर होते. दुसऱ्या एका गँगमध्ये कुणी थट्टा केली असेल? त्या दिवशी ती गँग कटिंगपुढच्या बोगद्याच्या पलीकडे कामाला होती, तिची हजेरी होती. कुणी गावकऱ्याने डोंगराची भेग पाहून कळवलं असेल? पण त्याच्याकडे रेल्वेचा डबा कुठून, आणि हेदाचं नाव कुठून? जुन्या निवृत्त माणसांपैकी कुणी? तिघे हयात होते. एक मुंबईला लेकाकडे, दोघे खाटेवर.

मी साहेबांना प्रतीक्षाचं सांगितलं. सांगू की नको असं दोन दिवस चाललं होतं, शेवटी सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "ती साक्ष लिहून घेतलीत?"

"नाही सर."

"नका घेऊ. खोटी आहे म्हणून नाही. लिहिली तर तिचं काय करायचं ते कुणालाच कळणार नाही, आणि शेवटी त्या मुलालाच त्रास होईल."

अहवालात कारणाच्या जागी आम्ही लिहिलं – दरडीपूर्वी निरोप मिळाल्याने गाडी रोखण्यात आली. निरोप देणाऱ्या व्यक्तीची ओळख निश्चित होऊ शकली नाही. ट्रॅकमन व स्टेशन मास्तर यांनी कर्तव्यात कसूर केलेली नाही. आणि त्या भागातला डोंगर तासून जाळी लावावी, अशी शिफारस केली. ती दुसऱ्या वर्षी लागली. संदेशला बक्षीस मिळालं नाही. मिळणार कसं? फोन मी केला नाही, असं त्यानेच सही करून दिलं होतं. मोहिते मास्तर चार महिन्यांनी निवृत्त होऊन गावी गेले.

अहवाल वर जायच्या आधी रेकॉर्डिंगची प्रत सीलबंद करायची असते. त्याच्या आदल्या दिवशी संदेशचा फोन आला. आई बिरवाडीहून आली होती, सुनेने तिला सांगितलं होतं. "मॅडम, आमच्याकडं बाबांचा आवाज कुठंच नाय. फोटो हाय एक, आवाज नाय. आईला येकदा ऐकवाल?"

नियमात ते बसत नव्हतं. मी गेले. इथे पहिल्यांदाच कबूल करते आहे.

म्हातारी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. बारीक चणीची, कान अजून तिखट. संदेश आणि प्रतीक्षा उभे. मुली दारात. मी लॅपटॉप तिच्या शेजारी ठेवला आणि सुरू केलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपलं तरी डोळे मिटलेलेच.

"परत लावू का आजी?"

"नको गो."

मग ती संदेशकडे बघून म्हणाली, "मेल्यावर बी साहेबच म्हणतायत बघ."

तिघंही हसले. प्रतीक्षा हसता हसता आत निघून गेली. मी वायरी गुंडाळत बसले. म्हातारीने माझा हात धरला आणि विचारलं, "पन साहेबानं ऐकलान ना त्यांचं?"

"ऐकलं, आजी. लगेच ऐकलं."

"मंग झालं," म्हणाली, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

मी टेलिकॉमची माणूस आहे. त्या एकोणीस सेकंदांचं स्पष्टीकरण शोधायला मी पुढचं वर्षभर सुट्ट्या घालवल्या. लाइनींची आपसात मिसळ, जुनी साठवलेली नोंद, मशीनच्या वेळेत गडबड... प्रत्येक गोष्ट तपासली. जुनी नोंद म्हणावं तर ते मशीनच सोनूंच्या निवृत्तीनंतर बसलं होतं. आणि मोहिते मास्तरांनी 'कुठलं कटिंग' विचारल्यावर पलीकडून उत्तर आलं होतं. साठवलेला आवाज उत्तर देत नाही.

तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रातलं असेल आणि मला न सुचलेलं काही सुचलं तर जरूर सांगा. मी मनापासून विचारते आहे, मला अजूनही उत्तर हवं आहे. पण एक सांगते, इथले अनुभव वाचताना मी आता खोडून काढत नाही. वाचते, आणि माहीत नाही, असं म्हणून पुढे जाते.